आधी ज्याची लाट

सिग्नल हिरवा झाला तरी नोहेआची गाडी हलली नाही. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला नाही. होनोलुलूत सहसा कुणी वाजवत नाही. तो नुसता थांबून राहिला, आणि त्याच्या त्या थांबण्यानंच तिला कानकोंडं झालं. आरशात त्याचा चेहरा दिसत होता, वर टपावर बांधलेली फळी दिसत होती, फळीच्या टोकाला वाळत घातलेला टॉवेल. तिनं गाडी पुढे घेतली आणि पहिल्याच वळणावर, समुद्राला तोंड करून, बाजूला उभी केली. शेजारच्या सीटवर घडी घातलेला कागद होता. तो तिनं सकाळपासून चारदा वाचला होता. पाचव्यांदा वाचायला तो काही बदलणार नव्हता. डावीकडच्या रकान्यात बाबांचं रक्त, उजवीकडच्या रकान्यात तिनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या बाबांच्या पेशी. डीएनएवरच्या सोळा जागा, प्रत्येक जागी दोन आकडे. माणूस तोच असेल तर आकडे तेच असतात, मग तो जिवंत असो की सहा वर्षांपूर्वी गेलेला असो. एकही जागा जुळत नव्हती. आणि उजव्या रकान्याच्या डोक्यावर, जिथं आधी नजर जायला हवी होती तिथं, लिहिलेलं होतं: स्त्री.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. कर्करोगाच्या पेशी कधीकधी पुरुषपणाची खूण गाळून टाकतात, धावताना खिशातली किल्ली पडावी तशी. हे तीच विद्यार्थ्यांना शिकवते. एवढ्या एका दोरीला लोंबकळून तिनं पुढचे आकडे वाचले, आणि मग दोरी सुटली. नव्या लेखासाठी मासिकानं ओळख पटवणारी ही चाचणी मागितली होती. तिनं ती पाठवली ती सुद्धा जरा घुश्शातच. सहा वर्षं घरात वावरणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र कोण मागतं?

बाबा, म्हणजे केआवे, फळ्या घडवायचे. कालिहीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं ते फोमच्या ठोकळ्यातून लाटेवर उभं राहायच्या फळ्या तासत आले. दुपारी ते बाहेर यायचे तेव्हा भुवया, पापण्या, मिशा सगळं पांढरं झालेलं असायचं, आणि लहानपणी नोहेआला वाटायचं की आपले बाबा रोज म्हातारे होतात आणि रोज संध्याकाळी समुद्रात जाऊन पुन्हा तरुण होऊन येतात. तोंडाला फडकं बांधा म्हणून आई कानीकपाळी ओरडायची. ते म्हणायचे, फडकं बांधलं की हाताला दिसत नाही. त्यांना हातानंच दिसायचं. डोळे मिटून ते फळीच्या पाठीवरून तळवा फिरवायचे आणि केसभर उंचवटा असेल तिथं थांबायचे. पुढे त्यांच्या फुप्फुसाभोवती पाणी भरू लागलं, ते दर आठवड्याला सुईनं काढावं लागलं, तेव्हा त्या वाळक्या गवताच्या रंगाच्या पाण्याची पिशवी बघून ते नोहेआला म्हणाले होते, "ने तुझ्याकडे. नाहीतरी फेकणारच आहेत. तुझ्या बाटलीत माझं काही उभं राहतंय का बघ." डॉक्टरांनी पुढं केलेल्या कागदावर त्यांनी वाकडीतिकडी सही केली, आणि खाली, गरज नसताना, एक छोटी लाट काढली.

उभं मात्र काही राहत नव्हतं. आठ आठवडे त्या पेशी बाटलीच्या तळाशी चारदोन पुंजक्यांनी बसून होत्या, पावसात अडकलेल्या कोंबड्यांसारख्या अंग आखडून. नोहेआ रोज सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि तिच्या तोंडून नकळत ते गाणं निघायचं. समुद्र आठवडाच्या आठवडा सपाट पडला की बाबा वाळूवरची जांभळ्या फुलांची वेल उपटून आणायचे आणि तिच्या फटक्यांनी पाणी झोडपायचे, त्यांच्या आजोबांनी झोडपलं तसं, त्यांच्याही आजोबांनी झोडपलं तसं. ऊठ गं लाटे, लांबची ये. दर्या ओलांडून दारी ये. निजलीस तर मी वेल मारीन, उठलीस तर तुला शिरी धरीन. वाइकीकीच्या हॉटेलांतले पाहुणे हसत फोटो काढायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, बाहेरून पाद्री आले तेव्हाही ते आधी हसले होते, मग म्हणाले उघड्या अंगानं पाण्यात जाऊ नका, काम करा, पुस्तक वाचा. आणि बाबांच्या पणजीची फळी, जिच्यावर ती भल्याभल्या पुरुषांच्या पुढे निघून जायची, ती शाळेत बाक म्हणून बसवली गेली. पणजी त्याच बाकावर बसून धडे गिरवायला शिकली. "पुढं अक्षरं, खाली लाट," बाबा सांगायचे. "तिला वाचायला किती यायला लागलं देव जाणे, पण बसायची मात्र ताठ."

गाडीत ऊन वाढत होतं. नोहेआनं काच खाली केली, पुन्हा वर केली. समोर, नेहमीच्या जागी, सातआठ जण फळ्यांवर बसून वाट बघत होते. लांबून ते पाण्यावर पडलेल्या बियांसारखे दिसत होते. बाटलीच्या तळाशी न चिकटलेल्या पेशी अशाच दिसतात, असं मनात आलं तेव्हा तिनं गाडी वळवली आणि परत प्रयोगशाळेत गेली.

सहा वर्षांच्या वह्या एका कपाटात होत्या. कुठं बघायचं हे तिला ठाऊक होतं. ते ठाऊक असणंच सगळ्यांत वाईट होतं. बाबांची राख ज्या दिवशी माकाहाच्या समुद्रात सोडली त्या दिवसाचं ते पान. सत्तरएक जण फळ्यांवर पालथे पडून हातांनी पाणी कापत आत गेले होते, मधे गोल धरला होता, फुलांच्या माळा पाण्यावर टाकल्या होत्या, आणि आईनं होडीतून राख सोडली तेव्हा सगळ्यांनी तळव्यांनी पाणी उडवलं होतं, इतकं की क्षणभर उलटा पाऊस वर जाताना दिसला. किनाऱ्यावर जेवणं चालू होती. नोहेआ मात्र गाडीत बसली आणि ओल्या केसांनीच इथं आली, कारण बाबांच्या पेशींना जेवू घालायचा दिवस होता. त्या दिवशी पेशींच्या दुसऱ्या एका वाणालाही द्यायचं होतं, जगभरातल्या प्रयोगशाळांत असतो तसल्या एका दांडग्या वाणाला. नियम शेंबड्या पोरालाही येईल असा आहे: एका वेळी एकच वाण कामाच्या काचेच्या कपाटात घ्यायचा, त्याची मीडियमची, म्हणजे पेशींच्या खाण्याची, बाटली वेगळी, मधे सगळं पुसायचं, हातमोजे बदलायचे. वहीत दोन्ही वाणांपुढे तिच्याच अक्षरात मीडियमच्या बाटलीचा एकच क्रमांक होता. पानावर दोन ठिकाणी कागद फुगलेला होता, गोल, नाण्याएवढा. केसांतून पडलेलं पाणी. तिनं त्या डागाला बोट लावलं आणि ते बोट, कुणी बघत नाही ना हे बघून, जिभेला लावलं. कशाचीच चव नव्हती.

पुढच्या पानाकडे बघवत नव्हतं, तरी तिनं बघितलं. बारा दिवसांनंतरची नोंद. वाढतायत. खूप. खाली दोन रेघा. तो दिवस तिला लख्ख आठवत होता: बाटलीचा तळ कडेपासून कडेपर्यंत भरलेला, पेशी एकमेकींच्या खांद्यावर चढलेल्या, आणि तिनं तिथूनच आईला फोन लावला होता, आई, बाबा उभे राहिले. आई काही बोलली नव्हती. तेव्हा नोहेआला वाटलं, रडत असेल. एक थेंब पुरतो. दांडग्या वाणाची एक पेशी चुकीच्या बाटलीत पडली की ती दुप्पट होते, चौपट होते, आणि तिथं आधीपासून अंग आखडून बसलेल्यांना जागाच उरत नाही. ज्या दिवशी ती आनंदानं रडली त्या दिवशी बाबा संपत होते. दुसऱ्यांदा. आणि ती वरून गाणं म्हणत होती.

पहिली लाट तिनं सातव्या वर्षी पकडली होती, ती आठवण आता नको असताना आली. बाबांनी मागून ढकललेलं नव्हतं, लाटेनंच उचललं, सहज, कुशीत घेतल्यासारखं, आणि ती उभी राहिली, आणि त्याच लाटेवर मागून येणारा माणूस तिला चुकवताना खडकावर गेला. त्याच्या पायाला अकरा टाके पडले. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिला वाळूत बसवलं आणि सांगितलं, "लाट आधी ज्याची, त्याची. उभं राहायच्या आधी मागे वळून बघायचं. आणि लाट फार सहज मिळाली ना, तर दोनदा वळून बघायचं."

"वह्या काढल्यास म्हणजे काहीतरी बिनसलंय," दारातून रेमंड तामाशिरो म्हणाला. गोठवलेल्या साठ्याच्या टाक्या त्याच्या ताब्यात होत्या. तो ओकिनावाच्या लोकांतला, साठीचा, आणि त्याच्या खिशात कायम भाताचा एक गुंडाळलेला गोळा असायचा. नोहेआनं कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो सावकाश वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग तो निघून गेला आणि वीस मिनिटांनी बर्फाचे कण चिकटलेल्या बाहीनं परत आला. तीन नंबरच्या टाकीत, अगदी तळच्या खणात, बाबांच्या पेशींची एक कुपी होती. तारीख राखेच्या आधी तीन आठवड्यांची. एकच.

"ऐक, डॉक्टरीणबाई," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी ही उघड. जुळली तर यातूनच नवा साठा वाढव आणि सातही ठिकाणी पाठवून दे. जुना खराब झाला, नवा वापरा. कोण विचारतंय?" आणि मग खिशातला भाताचा गोळा काढून त्यानं तिच्या टेबलावर ठेवला. सात प्रयोगशाळांना तिनं बाबांच्या पेशी पाठवल्या होत्या. एक लेख छापून आला होता. बाबांच्या आजारावर चालेल म्हणून तिनं शोधलेलं औषध, ते कुणावर चाललं होतं? तिनं गोळ्याचा एक घास घेतला आणि तो बराच वेळ तोंडात तसाच राहिला. कुपी उघडायची म्हणजे ती संपणार. न उघडता ठेवली तर तिच्यात बाबा असतील, नसतील, कायमचे असतील.

संध्याकाळी माकाहाला आई घराच्या व्हरांड्यात हालाच्या, केवड्यासारख्या झाडाच्या, पानांचे काटे काढत बसली होती. टोपी विणायची असली की आधी हे काम. पानाच्या दोन्ही कडांनी सुरी फिरवायची, मग पान मऊ करून वेटोळं घालायचं. नोहेआ तिच्यापाशी बसली, उठली, आत जाऊन पाणी प्यायली, पुन्हा आली, व्हरांड्याच्या खांबाला टेकली. आई पानांकडेच बघत म्हणाली की एका जागी बस नाहीतर घरी जा, मला चक्कर येते. मग नोहेआनं सांगितलं, सगळं, उभ्याउभ्याच. बाटलीतले ते बाबा नव्हते.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"तुझ्या बापाला मी आगीत दिला, मग पाण्यात दिला. बाटलीत दिला नव्हता." तिनं एक पान उजेडात धरून बघितलं. "त्याला जे खाऊन गेलं त्याला तू सहा वर्षं भरवत होतीस, बाळा. तू फोन केलास तेव्हाच मला कसंसं झालं. म्हटलं, जाऊ दे, पोरीच्या हाताला काम हवंय."

नोहेआला राग आला, आणि तो कुणाचा हे कळेना, म्हणून तो आणखी वाढला. ती बोलत सुटली, की तो आजार म्हणजेही बाबाच होते, त्यांच्याच पेशी, त्यांच्याच रक्ताच्या, वेड्या झालेल्या असतील पण त्यांच्याच. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. सुरी पानाच्या कडेनं चालत राहिली.

"मग ही बाई कोण?" आईनं विचारलं.

"कोण बाई?"

"जिला तू बाबा म्हणून भरवलंस ती."

तिला उत्तर ठाऊक होतं, ते छापील सूचीतल्या अर्ध्या ओळीएवढं होतं. स्त्री, वय एक्कावन्न. देश कुठला, तेही नाही. तिनं ते सांगितलं. नाव नाही का, आईनं विचारलं. नाही. तिच्या घरच्यांना ठाऊक आहे का, ती अजून वाढतेय म्हणून? खाली रस्त्यापलीकडे समुद्र खडकावर आपटत होता, थांबून थांबून, कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सुरू करावं तसा. ती एक्कावन्न वर्षांची बाई तिला पहिल्यांदाच दिसली. चेहरा नव्हता, पण चालण्याची एक ढब होती, हातात पिशवी होती. सहा वर्षं तिनं त्या बाईला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली होती.

"विलीविलीचं झाड पाडलं तेव्हा तू होतीस ना," आई म्हणाली. तेवढंच. नोहेआ होती. वर डोंगराच्या उतारावर, जुन्या पद्धतीची एक तरी लाकडी फळी करायची म्हणून बाबांनी ते हलकं झाड पाडलं होतं, आणि मुळांच्या खड्ड्यात बाजारातून आणलेला एक लाल मासा ठेवून वर माती लोटली होती. दहा वर्षांच्या नोहेआनं नाक धरून विचारलं होतं, मासा का? ते म्हणाले होते, आपण नेलं हे सांगायला लागतं. न सांगता नेलं तर ती चोरी. आईनं वेटोळं बांधून बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा मान वर केली. "तू खड्ड्यात काय ठेवलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुपी कोमट पाण्यात धरली. गोठवायचं सावकाश, वितळवायचं झटपट. दीड मिनिट कुपी बोटांत हलवायची, शेवटचा बर्फाचा कण तांदळाएवढा उरेपर्यंत. एका वेळी एकच वाण. कपाट पुसलेलं, बाटली नवी, हातमोजे नवे. अर्धं तिनं चाचणीला पाठवलं, अर्धं बाटलीत घातलं. मग वाट बघणं आलं, आणि वाट बघणं तिला कधीच जमलं नव्हतं. फळीवर बसून दोन लाटांच्या मधली सपाट वेळ बाबा जशी पाठ ताठ ठेवून काढायचे तशी तिला काढता यायची नाही. ती तासातासाला उबेचं कपाट उघडायची, तामाशिरो तिला हाकलायचा, म्हणायचा, ऊब जातेय, अंडी उबवणारी कोंबडी तरी बरी. चौथ्या दिवशी तळाशी तीन पुंजके चिकटलेले दिसले. लहान, अंग आखडून बसलेले. तिनं ते ओळखले, की ओळखलेसे वाटले? एकदा अशीच खात्री झाली होती. तिच्या ओठांवर गाणं आलं, आणि तिनं ओठ मिटले.

त्याच दुपारी, अहवाल यायच्या आधी, तिनं पत्र लिहिलं. आधी का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. अहवाल आल्यावर लिहिलं असतं तर ते पत्र वेगळं झालं असतं, एवढंच तिला कळत होतं. जुळलं तर त्यात एक मखमली ओळ शिरली असती आणि न जुळलं तर एक रडकी. तिनं लिहिलं, मी तुम्हाला पाठवलेल्या पेशी माझ्या वडिलांच्या नाहीत. त्या एका बाईच्या आहेत, तिचं नाव मला ठाऊक नाही. चूक माझी आहे, अमुक तारखेची, दोन वाणांना मी एकाच बाटलीतून मीडियम दिलं. माझा छापलेला लेख मी मागे घेते आहे. सात ठिकाणी आणि मासिकाला. संध्याकाळी तामाशिरो आला, त्याला कुठूनतरी कळलं होतं. तो म्हणाला, वेडी आहेस. मग म्हणाला, तुझा बापही फळीत चूक सापडली की गिऱ्हाईकाला आधी सांगायचा, आणि मग मोडायचा. मी त्याच्याकडून एक घेतली होती, मोडलेली.

सातव्या दिवशी एक पुंजका सुटून तरंगू लागला. नवव्या दिवशी तिन्ही. मीडियम तसंच गुलाबी राहिलं, कारण त्यातलं खाणारं कुणी उरलं नव्हतं. दहाव्या दिवशी अहवाल आला. सोळा जागा, सोळाही जुळल्या. पुरुष. नोहेआनं कागद टेबलावर पालथा घातला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. म्हणजे होते. नऊ दिवस होते, आणि ती ओळखू शकली होती. बाटली समुद्रात न्यावी असं एकदा मनात आलं, पण तसं करत नाहीत. तिनं नियमाप्रमाणे तीत ब्लीच ओतलं. गुलाबी रंग कडेनं फिकटत आत गेला, वीस मिनिटांत पाणी पाण्यासारखं झालं. ती वीस मिनिटं ती बाटलीपाशी बसून राहिली. उठली नाही.

रविवारी माकाहाला ती फळी घेऊन आत गेली. आई किनाऱ्यावर घडीच्या खुर्चीत, मांडीवर अर्धी टोपी. पाणी गार होतं, क्षितिजावर एकामागून एक चार काळ्या रेघा उठल्या होत्या. पहिली तिनं जाऊ दिली. दुसरी आली ती थेट तिच्याकडे, उंच, खालून आरपार उजेड आलेली, आणि तिनं दोन हात मारले न मारले तोच लाटेनं फळीची शेपटी उचलली, सहज, कुशीत घेतल्यासारखं. तळवे फळीवर टेकले. छाती वर आली. मग तिनं मागे वळून बघितलं.

लाटेच्या शेंड्यावर एक बाई आधीच उभी होती. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची, कधी न पाहिलेली, ओले पांढरे केस गालाला चिकटलेले. नोहेआनं फळीच्या दोन्ही कडा धरून स्वतःला मागे ओढलं, आणि लाट तिच्याखालून निघून गेली, त्या बाईला घेऊन, किनाऱ्याकडे.